मनगट्या, नंदी आणि पांगुळगाडा : बाळाचं खेळणं निवडताना

(मिहानमधल्या तरुण पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

कडेवरची मंडळीही आज बरीच आलेली दिसताहेत. मधेमधे आवाज होईल, होऊ द्या. विषय त्यांचाच आहे.

इथल्या पालकांशी बोलताना एक चित्र वारंवार समोर येतं. दोघंही कंपनीत, बऱ्याचदा शिफ्टमध्ये. आजी-आजोबा अकोल्याला, अमरावतीला नाहीतर गोंदियाला. बाळ झोपलं की रात्री साडेअकराला फोनवर खेळणी शोधायची, चार रिव्ह्यू वाचायचे आणि डब्यावर ‘ब्रेन डेव्हलपमेंट’ लिहिलेलं काहीतरी मागवून टाकायचं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर आईची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. ती संपते तेव्हा बाळ पाच-सहा महिन्यांचं असतं, आणि घरातली निम्मी खेळणी त्याच सुमाराला येतात. त्यात नवल काही नाही. आपण घरी नसू तेव्हा बाळाजवळ काहीतरी चांगलं असावं, असं वाटणारच.

फक्त होतं काय, की पाच-सहा महिन्यांचं बाळ हातात आलेली प्रत्येक वस्तू तोंडात घालतं. म्हणजे खेळण्यांची सगळ्यात मोठी खरेदी आणि खेळण्यांचा सगळ्यात मोठा धोका एकाच महिन्यात घरात येतात. म्हणून ‘कोणतं खेळणं हुशार करतं’ हा तुमचा प्रश्न मी थोडा बाजूला ठेवतो आणि आधी बाळ खेळण्याचं काय करतं ते सांगतो. ते कळलं की निवड सोपी होते.

सुरुवात अगदी पहिल्या महिन्यापासून करू. नवजात बाळाला स्पष्ट दिसतं ते साधारण २० ते ३० सेंटीमीटरपर्यंत. दूध पिताना आईचा चेहरा असतो तेवढंच अंतर. फिकट गुलाबी, फिकट निळा हे रंग त्याला फारसे वेगळे दिसत नाहीत, काळं-पांढरं मात्र दिसतं. आता आपल्याकडे बारशाला बाळाच्या हातात काय घालतात? काळ्या-पांढऱ्या मण्यांच्या मनगट्या. दृष्ट लागू नये म्हणून घालतात. दृष्टीचं मला माहीत नाही, पण दोन-तीन महिन्यांचं बाळ स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरून एकटक बघायला लागतं, त्या वयात ठळक उठून दिसणारी वस्तू थेट मनगटावरच बांधलेली असणं ही छान सोय आहे. हा हात माझा आहे, मी हलवला की हलतो, हे त्याला तिथं कळतं.

पायातल्या वाळ्यांचंही तसंच. अमेरिकेत कॅरोलिन रोव्ही-कोलियर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस एक साधा प्रयोग केला. पाळण्यावर टांगलेल्या खेळण्याला रिबीन बांधली आणि रिबिनीचं दुसरं टोक बाळाच्या घोट्याला. बाळानं पाय झाडला की खेळणं हलतं. दोन-तीन महिन्यांच्या बाळांना हे थोड्याच वेळात कळलं आणि ती जोरात पाय झाडायला लागली. तीन महिन्यांच्या बाळांना ते जवळपास आठवडाभर लक्षातही राहिलं. घुंगराच्या वाळ्यांत वेगळं काय आहे? पाय हलला की छुम्. मी केलं म्हणून झालं. बाळाच्या शिकण्याची पहिली पायरी ही.

पण मनगट्यांबद्दल लगेच एक ‘पण’ सांगतो. दोरा जुना होतो, बाळ चावतं, दोरा तुटतो. चौथ्या महिन्यानंतर मण्यांचं काहीही अंगावर नको. वाळ्यांची घुंगरं दर आठवड्याला ओढून बघा. आणि गळ्यात काळा दोरा, ताईत असं काही झोपताना ठेवूच नका. घरच्या मोठ्यांना वाईट वाटत असेल तर दोरा दंडाला बांधा, तोही सैल आणि मण्याशिवाय.

पाळण्यावरच्या खेळण्याबद्दल एकच. विकत घेताना आपण ते उभ्यानं, बाजूनं बघतो. बाळ ते खालून बघणार आहे. दुकानात हात वर करून धरा आणि खालून बघा. पुष्कळदा चिमण्यांची फक्त पोटं दिसतात. आजीनं कापडाच्या शिवलेल्या चिमण्या त्या मानानं बऱ्या असतात, कारण त्या सगळ्या बाजूंनी चिमण्या असतात. आणि बाळ पालथं पडून हातांवर रेटा द्यायला लागलं, की ते टांगलेलं सगळं काढून टाकायचं. ते ओढता येतं, त्यात मान अडकू शकते.

आता तोंडाचा काळ. चार ते दहा महिने म्हणा. तोंड हे या वयात बाळाचं मोजमापाचं साधन असतं: मऊ की कडक, गार की कोमट, गोल की कंगोऱ्याचं, सगळं तोंडानं तपासायचं. ते थांबवायचं नाही. थांबवायची ती लहान वस्तू. बाळाची श्वासनलिका किती जाड असते? त्याच्याच करंगळीएवढी. बघा जरा आत्ता मांडीवरच्या करंगळीकडे.

आंतरराष्ट्रीय मानकांत यासाठी एक लहान नळकांडं ठरवलेलं आहे, ३१.७ मिलिमीटर व्यासाचं. खेळणं किंवा त्याचा निघालेला तुकडा त्या नळकांड्यात पूर्ण मावला, तर तो तीन वर्षांखालच्या मुलासाठी चालत नाही. घरी ते नळकांडं कुठून आणणार? टिश्यू रोल संपला की आतली पुठ्ठ्याची नळी ठेवा. ती मानकापेक्षा थोडी रुंद असते, म्हणजे चूक झालीच तर सावधपणाच्या बाजूला होते. जे त्या नळीतून पार जातं ते बाळाच्या हाती नको. बाहुलीचे डोळे, गाडीची चाकं, खुळखुळ्याची टोकं यांना बोटानं जोर लावून बघा. निघणार असेल तर ते दुकानातच निघू दे.

आणि एक आठवण. बोरन्हाण. संक्रांतीनंतर वर्षाच्या आतल्या बाळावरून बोरं, चुरमुरे, हलवा, गोळ्या ओततो, मोठी मुलं लुटतात, फोटो छान येतात. सोहळा करा, पण बाळासाठी चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या बास. तेही आईच्या मांडीवर, आणि लुटालूट संपली की आधी सतरंजी झटकायची, मग बाळाला खाली ठेवायचं. भारतात मुलांच्या श्वासनलिकेतून जे काही काढावं लागतं त्यात शेंगदाणा कायम वरच्या क्रमांकावर असतो, आणि बोराची बी त्याहून कडक असते.

अडकलंच तर काय करायचं, तेही सांगून ठेवतो. वर्षाखालचं बाळ असेल, रडू येत नसेल, आवाज निघत नसेल, तर त्याला हातावर पालथं घ्या, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेनं पाच वेळा जोरात थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. पुन्हा पाच, पुन्हा पाच. दुसऱ्या कुणीतरी १०८ लावायचा. दिसत नसलेल्या वस्तूसाठी तोंडात बोट फिरवायचं नाही, ती आणखी आत जाते. बाळ खोकत असेल, रडत असेल तर खोकू द्या. खोकला आपल्यापेक्षा चांगलं काम करतो.

आता बाजाराकडे येऊ. १ जानेवारी २०२१ पासून भारतात चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाच्या वर आयएस ९८७३ असा मानकाचा क्रमांक, विजेची किंवा बॅटरीची असतील तर आयएस १५६४४, आणि खाली ‘सीएम/एल’ नं सुरू होणारा परवाना क्रमांक. नुसतं चिन्ह कुणीही छापू शकतो; तो खालचा क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकला की कुणाचा परवाना आहे ते दिसतं. अर्धा मिनिट लागतो. ऑनलाइन मागवताना फोटोत क्रमांक दिसत नसेल तर मी तरी ती वस्तू सोडून देईन.

पण या नियमाला एक सवलत आहे, आणि नागपूरकरांनी ती समजून घ्यायला हवी. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरांची खेळणी आणि भौगोलिक मानांकन मिळालेली खेळणी या सक्तीतून वगळलेली आहेत. सवलत योग्यच आहे. एकट्या सुतारानं प्रयोगशाळेचा खर्च कुठून करायचा? पण त्याचा अर्थ असा, की तिथं तपासणी आपल्यालाच करायची आहे.

आणि आपल्याकडे असं एक खेळणं आहे, जे घरोघरी येतं. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली ही प्रथा नागपुरात सुरू केली असं सांगतात. आदल्या दिवशी खऱ्या बैलांचा पोळा, दुसऱ्या दिवशी लेकरांचा. चाकं लावलेला नंदी सजवायचा, दोरीनं ओढत घरोघर न्यायचा, बोजारा गोळा करायचा. जगात मुलांच्या खेळण्याला स्वतःचा सण किती ठिकाणी असेल, मला शंका आहे. बाळाचा पहिला तान्हा पोळा म्हटला की मामा, आत्या कुणीतरी नंदी आणतंच.

खेळणं म्हणून नंदी उत्तम आहे. दोरीनं ओढायचं खेळणं साधारण दीड वर्षाच्या, नीट चालणाऱ्या मुलासाठी असतं. पुढं चालायचं, मागं वळून बघायचं, येतोय का, मधेच उलटला तर थांबून उभा करायचा. तोल, अंदाज, चिकाटी, सगळं त्यात आहे. प्रश्न आहे तो आठ महिन्यांच्या बाळाचा. ते नंदी ओढणार नाही, ते नंदीचं शिंग चोखणार आहे.

म्हणजे मुद्दा रंगाचा. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांमध्ये शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. औद्योगिक रंग त्या नियमात येत नाहीत. रस्त्याकडेच्या नंदीला कुठल्या डब्यातला रंग लागला, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. पिवळ्या, नारिंगी, लाल रंगाबद्दल जास्त सावध राहायचं, कारण शिशाची रंगद्रव्यं पूर्वापार त्याच छटांत वापरली गेली. मोठ्या माणसाच्या पोटात शिसं गेलं तर त्यातलं थोडं शरीरात शोषलं जातं. लहान मूल त्याच्या चार-पाच पट शोषून घेतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि ते जातं मेंदूकडे. शिशाची सुरक्षित अशी पातळी अजून कुणाला सापडलेली नाही. मूल आजारी दिसत नाही, ताप येत नाही, म्हणूनच हा विषय कुणाच्या लक्षात येत नाही.

मग नंदी आणायचा नाही का? अवश्य आणा. सुताराला पोळ्याच्या पंधरा दिवस आधी सांगा, रंग न लावता दे. शिंगं गोल कर, कडा पॉलिश पेपरनं घासून दे, चाकं चुका मारून नको, लाकडी खुंटीवर बसव. घरी आणून खोबरेल तेलाचा हात द्या, लाकूड सुंदर दिसतं. सजावट त्या दिवसापुरती करा, झूल, बेगड, घुंगरू, आणि दुसऱ्या दिवशी उतरवून ठेवा. दोरी एक वीत, त्याहून लांब नको. लांब दोरी गळ्याभोवती फिरते. दीड वर्षानंतर, तुम्ही सोबत चालत असताना, लांब दोरी बांधा. रंगीतच हवा असेल तर तो शोकेसमध्ये ठेवा आणि लेकराच्या हातात बिनरंगाचा द्या. सावंतवाडीची लाकडी फळं, चन्नपट्टणच्या लाखेच्या बाहुल्या, यांनाही प्रश्न तेच विचारायचे: रंग कोणता, तुकडा निघतो का, फळ नळीतून जातं का.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं म्हणजे आज आलो, ती. खिशात आणली आहे. ही. बटन सेल. हिच्यावर सीआर २०३२ लिहिलेलं आहे. म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. तीन व्होल्ट. वीस मिलिमीटर हे माप लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकायला अगदी नेमकं आहे. अडकली की ओल्या अस्तरातून वीज वाहायला लागते आणि ऋण टोकापाशी तीव्र अल्कली तयार होतो. सेल फुटायची, गळायची गरजच नाही. दोन तासांत गंभीर भाजतं. टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला म्हणून काढून ठेवलेल्या ‘संपलेल्या’ सेलमध्येही एवढं करायला पुरेसा जोर शिल्लक असतो.

चांगल्या खेळण्यात सेलच्या खणाला स्क्रू असतो, पेचकस लागतो. नखानं उघडत असेल तर घेऊ नका. पण घरातल्या सेल फक्त खेळण्यात नसतात. गाडीची किल्ली, स्वयंपाकघरातला वजनकाटा, गाणारं ग्रीटिंग कार्ड, एसीचा छोटा रिमोट, आणि दिवाळीतल्या त्या चमकणाऱ्या प्लॅस्टिकच्या पणत्या. दिवाळीत त्या जमिनीवरच ठेवतो आपण, रांगत्या बाळाच्या उंचीवर.

गिळताना कुणी पाहिलं नसेल तर लक्षणं सर्दी-खोकल्यासारखी दिसतात. लाळ गळते, दूध नको म्हणतं, चिडचिड करतं. नुसती शंका आली तरी थांबायचं नाही. सकाळची वाट बघायची नाही, केळं खायला घालून बघायचं नाही, ओकारी काढायची नाही. थेट एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात. तुम्हाला तर एम्स इथं मिहानमध्येच आहे. दारातच सांगा, ‘बटन सेल गिळली असावी’. हे शब्द उच्चारले की रांग बदलते. मूल वर्षापेक्षा मोठं असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर जाताना दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा, असा सल्ला विषबाधा केंद्रं देतात. मधामुळे भाजणं थोडं लांबतं, थांबत नाही. तो शोधत घरात बसू नका. वर्षाखालच्या बाळाला मध नाही. लोहचुंबकाच्या गोळ्या आणि पाण्यात फुगणारे ते जेलचे रंगीत मणी, हेही लहान मूल असलेल्या घरात नकोत. चुंबक आतड्यांच्या दोन वेटोळ्यांना एकमेकांशी चिकटवतात, मणी पोटात फुगत जातात.

बरं, इतकं घाबरवल्यावर जरा चांगलं बोलू.

बोलणारी, गाणारी, ए-बी-सी म्हणणारी खेळणी. सगळ्यांच्या घरी आहेत, हो ना? अमेरिकेत अॅना सोसा या संशोधक बाईंनी २६ आई-वडील आणि त्यांची १० ते १६ महिन्यांची मुलं घेऊन एक छोटा अभ्यास केला, २०१५ च्या अखेरीस तो प्रसिद्ध झाला. मुलं बॅटरीच्या खेळण्यांशी खेळत असताना पालक मिनिटाला सरासरी ४० शब्द बोलले. साध्या खेळण्यांशी ५६. पुस्तक असताना ६७. अभ्यास लहान आहे, पण घरी जाऊन स्वतःकडे लक्ष द्या, पटेल. खेळणं बोलायला लागलं की आपण गप्प बसतो. आणि बाळ भाषा शिकतं ती त्याच्या आवाजाला उत्तर देणाऱ्या माणसाकडून. त्यानं ‘बा’ म्हटलं की आजी म्हणते, ‘बाबा? बाबा गेले बाप्पा ड्युटीवर.’ खेळणं हे म्हणत नाही, ते आपलं ‘ए फॉर अॅपल’ सुरू ठेवतं. आधीच घेतलं असेल तर टाकू नका. सेल काढा आणि खण पुन्हा स्क्रूनं बंद करा. बहुतेक खेळणी सेल काढल्यावर सुधारतात.

आठ-नऊ महिन्यांत बाळाला कळायला लागतं, की झाकलेली वस्तू नाहीशी होत नाही. म्हणून बुवा-कुक. यासाठी एक रुमाल लागतो. दहाव्या महिन्याच्या आसपास अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमते, मग ते फरशीवरचा मुंगळाही उचलतं. वर्षाच्या सुमाराला डब्यात टाकायचं, काढायचं, पुन्हा टाकायचं. स्टीलच्या दोन वाट्या, एकात एक बसणारे मसाल्याचे रिकामे डबे, लाकडी पळी. आवाज, वजन, गारवा, लहान-मोठं, सगळं आलं.

घरच्या वस्तूंतून शिकवणं आपल्याकडे नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला, आणि पुढे कोसबाडला, मॉन्टेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, शंख-शिंपले, पानं, खडे यांतून बालवाडी उभी केली. आपल्या शेजारी सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेचा सहभाग असलेल्या ‘आरंभ’ उपक्रमात अंगणवाडी सेविका तीन वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना घरातल्याच वस्तूंनी खेळायचं कसं ते दाखवतात. मात्र एक फरक ध्यानात असू द्या. कोसबाडच्या बिया आणि खडे बालवाडीतल्या मुलांसाठी होते. त्या इंटरनेटवर बघून आठ महिन्यांच्या बाळापुढं मांडू नका. बाटलीत डाळ भरून खुळखुळा केलात तर झाकण गोंदानं कायमचं बंद करा, वरून चिकटपट्टी लावा, आणि तरीही रोज ओढून बघा.

किती खेळणी हवीत? टोलेडो विद्यापीठात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन बघितलं. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. तेव्हा चार-पाच बाहेर, बाकी माळ्यावर, पंधरा दिवसांनी अदलाबदल. पैसेही वाचतात.

शेवटचं, वॉकर. कॅनडानं २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे. आपल्याकडे तो पहिल्या वाढदिवसाची भेट म्हणून येतो. वॉकरमध्ये मूल झोळीत बसलेलं असतं, पायांच्या टोकांनी जमीन ढकलतं, त्याला स्वतःचा तोल सांभाळावाच लागत नाही. त्यामुळे चालणं लवकर येत नाही. आणि वेग इतका, की एका सेकंदात मीटरभर. जिना, गरम चहा, इस्त्रीची वायर, तुम्ही उठेपर्यंत ते तिथं पोहोचलेलं असतं.

आपला पांगुळगाडा याच्या अगदी उलट. त्यात बसता येत नाही. धरून उभं राहायचं, स्वतःच्या तळपायांवर वजन घ्यायचं आणि ढकलायचं. सोडला की बाळ फतकल मारतं, पुन्हा उठतं. म्हणून तो फर्निचरला धरून उभ्या राहणाऱ्या, दोन पावलं सरकणाऱ्या मुलालाच द्यायचा. एक अडचण मात्र नवी आहे. पांगुळगाडा शेणानं सारवलेल्या जमिनीसाठी, अंगणासाठी घडलेला आहे. तुमच्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर तो पुढं पळतो आणि मूल तोंडावर येतं. चाकांना सुती चिंधी घट्ट गुंडाळा, पुढच्या दांड्याला थोडं वजन बांधा, खाली सतरंजी घाला. आणि बाळाचे पाय अनवाणी ठेवा.

प्रश्न असतील तर घेऊ.

(प्रश्न : लंगोट बदलताना बाळ वळवळतं, म्हणून आम्ही हातात पावडरचा डबा देतो. चालेल?)

नको. झाकण उघडलं की पावडर सरळ फुप्फुसात जाते. त्या वेळेसाठी एक कापडी चेंडू वेगळा ठेवा, एरवी तो द्यायचाच नाही. नवं वाटलं की बाळ दोन मिनिटं गुंततं, आणि लागतात दोनच मिनिटं.

(प्रश्न : मोठ्या मुलीची खेळणी आहेत, लेगोसारखे ठोकळे वगैरे. ती पाच वर्षांची, धाकटा नऊ महिन्यांचा.)

हा प्रश्न कठीण आहे, कारण मोठीवर सतत ओरडणं बरोबर नाही. तिला जागा वर द्या. जेवणाचं टेबल, पलंग, जिथं धाकट्याचा हात पोहोचत नाही. तिचे ठोकळे तिथंच, जमिनीवर नाहीत. आणि टिश्यू रोलची ती नळी तिच्या हातात द्या. ‘बाळाला हे चालेल का’ हे तिनं तपासायचं. पाच वर्षांची मुलं हे काम फार कडकपणे करतात, तुमचीही तपासणी होईल.

(प्रश्न : पाळणाघर बघायला जायचंय. खेळण्यांचं काय बघू?)

भिंतीवरची चित्रं बघू नका, जमिनीवर बसा. बाळाच्या उंचीवरून काय दिसतं, हाताला काय लागतं ते बघा. वर्षाखालची आणि तीन वर्षांची मुलं एकाच खोलीत त्याच टोपल्यातून खेळत असतील तर ते थांबवायला सांगा. तोंडात घातलेलं खेळणं कुठं ठेवता, असं मावशींना विचारा. वेगळी बादली असेल, संध्याकाळी साबणाच्या पाण्यानं धुऊन उन्हात टाकत असतील तर छान. आणि टीव्ही आहे का विचारा. असेल तर रिमोटचं मागचं झाकण स्वतः उघडून बघा, किती सहज उघडतं ते.